अर्ज कुणाचा?

अमेरिकेच्या कोर्टात काय चाललंय हे आमच्या कसबा बावड्यात माझ्या तोंडातनं कळायचं. पेपरात आलंच तर आतल्या पानावर चार ओळी, त्याबी साखरेच्या दराखाली. मला इंग्रजी वाचता येतं आणि माणसांचे आवाज काढता येतात, म्हणून मावशीनं हे काम मला लावलं. मोबदला म्हणजे म्हशीचं निरसं दूध, पेलाभर, उभ्या उभ्या प्यायचं.

मावशीला अमेरिकेच्या कोर्टाशी काय देणंघेणं, असं नव्या माणसाला वाटंल. तिची एकुलती एक पोरगी, माझी ताई, तिकडं हाय. आणि तिकडच्या एका खटल्यात ताईची नोकरी अडकलेली.

मी गावात एका दुकानात ऑनलाईन फॉर्म भरतो. शिष्यवृत्ती, रेशन, पीकविमा, जातीचा दाखला, सगळं. दिवसभर स्क्रीनवर दोनच गोष्टी बघायच्या, अर्ज मंजूर न्हायतर अर्ज नामंजूर. आमच्या अख्ख्या गल्लीचे अर्ज माझ्या हातनं गेलेत. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढं जे झालं त्यात ह्याचा हात हाय.

आवाज काढायची खोड शाळेपासनंची. म्युन्सिपाल्टीच्या शाळेत सातवीत असताना मी हेडमास्तरांच्या आवाजात माईकवरनं सांगितलं, "आज अर्धी सुट्टी." निम्मी शाळा घरला गेली. हेडमास्तर सवता पिशवी घेऊन गेटपर्यंत आलते, मग त्यांच्या ध्यानात आलं की आपण असं काय बोललोच न्हाय. त्यानंतर मला जी छडी बसली तिचाबी आवाज मला काढता येतो.

डेअरीचा सेक्रेटरी, देवळातला गुरव, एसटीचा कंडक्टर, सगळे जमायचे. एकच आवाज जमायचा न्हाय. ताईचा. म्हणजे आधी जमायचा. लग्नाआधी ती माडीवरनं हाक मारायची तेव्हा कारखान्याच्या भोंग्याची गरज न्हवती. ती लग्न करून दाजींबरोबर अमेरिकेला गेली, आणि तिच्या व्हिसावरच लिहिलेलं, काम करायचं न्हाय. नवऱ्याच्या जिवावर आलीयास, नवऱ्याच्या जिवावर ऱ्हा. एमएस्सी झालेली पोरगी. चार वर्षं तिनं तिथल्या फ्लॅटच्या खिडकीतनं पार्किंग बघितलं.

त्या चार वर्षांत रविवारी फोन यायचा आणि मी कान देऊन ऐकायचो. "हां. जेवले. बरी आहे. थंडी आहे." आमच्यात बायका जेवलो म्हणतात, आलो म्हणतात, गेलो म्हणतात. ताई पाहुण्यांच्यात बसल्यागत बोलायला लागलेली. त्या आवाजाला कुठं धरायचं तेच कळायचं न्हाय. नक्कल करायला आवाजात काहीतरी वर यावं लागतं, खाली जावं लागतं. ताईचा आवाज सपाट झालता, परातीत पाणी ठेवल्यागत. मावशीला मी हे कधी सांगितलं न्हाय. तिला माहीतच होतं.

मग तिकडच्या सरकारनं केलेला एक नियम कामाला आला. ज्यांच्या नवऱ्याचे तिथं कायम ऱ्हायचे कागद एका ठराविक टप्प्यापर्यंत गेलेत, त्या बायकांना कामाचा परवाना मिळतो. दाजींचे कागद तिथवर पोचले, ताईला परवाना मिळाला, आणि ती एका लॅबमध्ये पिण्याचं पाणी तपासायला लागली. पहिल्या दिवशी तिचा फोन आला तेव्हा मावशीनं फोन कानापासनं हातभर लांब धरला.

"आई, आज वीस बाटल्या तपासलो मी."

"अमेरिकेचं पाणी माझी पोरगी तपासते," मावशीनं डेअरीत सांगितलं.

"तिला म्हणावं आधी पंचगंगेचं तपास," रांगेतनं कुणीतरी बोललं.

"पंचगंगेला तपासून काय करायचं, डोळ्यांनी दिसतंय की."

तर हा परवाना. त्याच्यावर खटला.

तिकडं काही कॉम्प्युटरवाल्या कामगारांची एक संघटना हाय. त्यांचं म्हणणं असं, की असले परवाने द्यायचा अधिकार कायद्यानं सरकारी खात्याला दिलेलाच न्हाय. खात्यानं मनानं नियम केला आणि आमच्या नोकऱ्यांना स्पर्धा आणून बसवली. खालच्या कोर्टात ते हरले. वरच्या कोर्टात हरले. मग त्यांनी सुप्रीम कोर्टात अर्ज केला, आमचं ऐकून घ्या. त्यांनी केला. हे मला पहिल्या दिवसापासनं पक्कं माहीत होतं.

मी हे मावशीला सांगितलं तेव्हा तिनं आधी विचारलं, "त्यांच्या नोकऱ्या खरंच गेल्या काय?"

"म्हणत्यात तसं."

"मग त्यांच्यातबी कुणाचीतरी आई बसली असंल अशीच गोठ्यात," असं म्हणून तिनं म्हशीपुढं पेंड टाकली.

मावशीच्या शेजारी कोर्टमामा ऱ्हातात. कुणाचे सख्खे मामा न्हवंत, गल्लीनं ठेवलेलं नाव. जिल्हा कोर्टात जन्मभर शिपाई होते, पुकारा करायचे. नाव पुकारलं की व्हरांड्यातली कबुतरं उडायची म्हणतात. गावात हायकोर्टाचं बेंच आलं तेव्हा ते रिटायर होऊन बसलेले, त्याचं दुःख अजून हाय. त्यांना मी खटला समजावून सांगत होतो. काळजीची गोष्ट अशी होती, की आदल्या वर्षी त्याच सुप्रीम कोर्टानं एक मोठा निकाल दिलता. कायदा गुळमुळीत असला की सरकारी खातं सांगंल तो अर्थ कोर्टं धरून चालायची, चाळीस वर्षं तसंच चाललं. आता कोर्ट म्हणालं, बास, कायद्याचा अर्थ आम्ही लावणार.

"म्हणजे तलाठी म्हणंल ते चालणार न्हाय?" मामा.

"न्हाय. जज्ज म्हणंल ते."

"मग तलाठ्यानं करायचं काय?"

"सही."

मामा लई वेळ हसले. मग गंभीर झाले. "म्हणजे ताईचा परवाना ज्यानं दिला, त्याचा अधिकारच काढून घेतल्यागत झालं की हे."

"तेच तर ती संघटना म्हणतीया."

मग मी त्यांना दुसराही एक निकाल सांगितला, तिकडच्या उन्हाळ्यात आलेला, की खालच्या एका जज्जानं मनाई हुकूम दिला तर तो अख्ख्या देशाला सरसकट लावायचा न्हाय, जे कोर्टात आलेत त्यांच्यापुरता ठेवायचा. मामा म्हणाले, "म्हणजे हितला स्टे सांगलीच्या माणसाच्या कामाचा न्हाय. बरोबर हाय. ज्यानं त्यानं आपापली फी भरावी." तिकडच्या सुप्रीम कोर्टातले वाद नेटवर ऐकायला मिळतात. फॉर्म अपलोड होईपर्यंत मी कानात घालून ऐकायचो, असंच, आवाजांसाठी. एक जज्ज प्रश्न विचारायच्या आधी घसा असा साफ करतो की समोरचा वकील तिथंच निम्मा होतो. तो मी दोन दिवसांत बसवला.

आता ह्या खटल्याचे कागद जर आहेत तसे वाचून दाखवले असते, तर म्हशी रवंथ सोडून झोपल्या असत्या. सगळा वाद कलमांचा आणि अधिकाराचा. आणि त्यात ताई कुठंच न्हवती. हे मला लई खटकायचं. जिची नोकरी जाणार ऱ्हाणार तिचं नावसुद्धा कागदात न्हाय. भांडण संघटनेचं आणि खात्याचं, ताई आपली तिकडं बाटल्या तपासतीया.

म्हणून मी तिला घातली.

रविवारी संध्याकाळी, धारा काढून झाल्या की मावशीच्या गोठ्यापुढं माझं कोर्ट भरायचं. बायका खुर्च्या घेऊन यायच्या. मी घसा साफ करणारा जज्ज व्हायचो, सरकारी वकील व्हायचो, आणि पेंडीच्या पोत्यावर उभा ऱ्हाऊन ताई व्हायचो. जुनी ताई, माडीवरची. "साहेब, माझा अर्ज हाय. मी शिकलो ते काय खिडकीत बसायला शिकलो व्हय?" बायका टाळ्या वाजवायच्या. एकदा कोर्टमामांनी विचारलं, "पुकारा मी करतो, पण अर्जदार म्हणून नाव कुणाचं घिऊ? कागदावर कुणाचं हाय?"

"ताईचंच," मी म्हटलं.

खोटं बोललो. संघटनेचं नाव पुकारून मजा आली नसती. मामांनी ताईचं नाव असं पुकारलं की मावशीच्या डोळ्यात पाणी आलं, आणि मग मागं फिरायची सोयच ऱ्हायली न्हाय. पावसाळाभर हा खेळ चालला. दसरा झाला तोवर अख्ख्या गल्लीला पक्कं झालं, की ताईनं अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात अर्ज टाकलाय.

दिवाळी आठवड्यावर आलती. शिष्यवृत्तीची मुदत संपत आलेली, दुकानात पोरांची ही गर्दी. साताच्या सुमारास, म्हणजे तिकडं सकाळी, कोर्टानं यादी टाकली. लांबलचक यादी, नुसते नंबर आणि नावं. वाद न्हाय, भाषण न्हाय, घसा साफ करणं न्हाय. त्यात आमच्या खटल्याच्या वाट्याला एक ओळ. अर्ज फेटाळला. कारण दिलेलं न्हाय. म्हणजे वरच्या कोर्टाचा निकाल आहे तसा, म्हणजे ताईचा परवाना शाबूत.

मी खुर्चीतनं उठलो, परत बसलो. एवढे महिने ज्याच्यासाठी जज्ज बसवला त्याला बोलायला एक वाक्य. मग मी ते वाक्य तरी जोरात म्हणायचं ठरवलं. घरच्या ग्रुपवर आवाज रेकॉर्ड करून पाठवला. आधी घसा साफ. मग जज्जाच्या आवाजात इंग्रजीतनं. आणि पाठोपाठ मामांच्या आवाजात, पुकारा दिल्यागत, "अर्ज फेटाळला हो. अर्ज फेटाळला."

पाठवला, फोन चार्जिंगला आतल्या खोलीत लावला, आणि पोरांचे उत्पन्नाचे दाखले अपलोड करत बसलो. साडेआठपर्यंत. मी लई खुशीत होतो.

मावशीच्या दाराशी आलो तर पंधरा-वीस जोड चपला. आत दिवा, पण आवाज न्हाय. माडीच्या पायरीवर मावशीचा भाडेकरू बसलेला, गडहिंग्लजकडचा पोरगा, कारखान्यात कामाला. त्याच्या मांडीवर गुंडाळलेली गादी.

"कोण गेलं?" मी हळूच विचारलं.

"मीच चाललोय," तो म्हणाला. "अक्कानं खोली खाली करायला सांगितलीया. ताई यायच्या हायत म्हणं."

आत गेलो. गल्लीतल्या बायका भिंतीला टेकून बसलेल्या. मधी मावशी, मांडीवर हात. आणि चुलीच्या कट्ट्यावर डबेच डबे. पिठलं, भाकरी, आमटी, वांगं. आमच्यात घरात दुःखाची बातमी आली की त्या घरात चूल पेटवत न्हाईत, शेजारी डबा आणतात. मावशीचे मालक, माझे काका, गेले तेव्हा असेच आलते.

"आलास व्हय, जज्जसाहेब," मावशी म्हणाली. आवाज चढवला न्हाय. "एवढी वाईट बातमी आणि पुकारा करून सांगतोस. डेअरीत सगळ्यांच्यात वाजला फोन. सेक्रेटरीनं फॅटचं मशीन थांबवलं."

तेव्हा मला कळलं. अर्ज नामंजूर म्हणजे वाईट, हे ह्या गल्लीला मीच शिकवलेलं, आणि अर्ज ताईचा हेबी मीच.

"मावशी, आगं, चांगली बातमी हाय. अर्ज त्यांचा होता. फेटाळला म्हणजे आपण जिंकलो."

 एक बाई दुसरीला म्हणाली, "बरं वाटावं म्हणून बोलतंय गं पोरगं."

"न्हाय वो काकू, खरंच. ताईचा अर्जच न्हवता."

"न्हवता कसा? पोत्यावर उभा ऱ्हाऊन किती येळा म्हणालास, साहेब माझा अर्ज हाय."

"ते मी घातलं."

"आणि आता हे कोण घालतंय?"

मी शपथा घेतल्या. दुकानाची, म्हशीची. जेवढं बोलीन तेवढं माझं खोटं वाटायला लागलं. माझा आवाज घाबरून बारीक झालता, आणि एका पोरीनं विचारलं, "हा कुणाचा काढलायस?"

कोर्टमामा कोपऱ्यात खुर्चीवर होते, गुडघ्याला पट्टा बांधून.  म्हणाले, "कागद हाय?"

फोनवर काढून दिला. त्यांना इंग्रजी येत न्हाय. त्यांनी चष्मा वर केला आणि बोट ठेवलं. "वर कुणाचं नाव, खाली कुणाचं?"

"वर संघटनेचं. खाली खात्याचं."

"ताईचं?"

"कुठंच न्हाय मामा."

"कोर्टाचा कागद जगात कुठलाबी असू दे, अर्ज घेऊन आलेल्याचं नाव वर असतं. सामनेवाला खाली." त्यांनी फोन मला परत दिला आणि मावशीकडं बघितलं. "वैनी, पोरगं खरं बोलतंय. अर्ज तिचा न्हवता. फेटाळला त्यो दुसऱ्याचा." मग माझ्याकडं. "आणि मला तू ताईचं नाव पुकारायला लावलंस. माझ्या नोकरीत मी एक चुकीचा पुकारा केला न्हाय."

मी त्यांच्या खुर्चीजवळ खाली बसलो. 

मावशीनं पदरानं तोंड पुसलं. "मी फोन केलो की तिला."

"कधी?"

"डेअरीतनंच. ती आत लॅबमध्ये निघालती. म्हटलं, नोकरी गेली तर जाऊ दे, तू ये घरला. खोली तयार करतो."

"काय म्हणाली?"

 "म्हणाली, बरं. बघते."

बघते. मला परातीतलं पाणी दिसलं.

लॅबमध्ये फोन चालत न्हाईत, बाहेर कपाटात ठेवायचे. मी चार वेळा लावला. वाजून वाजून बंद. मेसेज टाकला, नीट, आवाजाशिवाय, अक्षरात. ती दुपारचा डबा खायला बाहेर येणार, म्हणजे आमच्यात नऊ वाजता. तोवर कुणी उठलं न्हाय, कुणी डबा उघडला न्हाय. मामा खरं म्हणाले हे सगळ्यांना पटलं होतं, पण ताईला जोवर कळत न्हाय तोवर काय झालंच न्हाय असं सगळे बसलेले. भाडेकरू दारात येऊन टेकला, गादी काखेतच.

नवाला फोन वाजला. मी स्पीकरवर टाकला.

"बोल," ताई म्हणाली. तोच आवाज, खिडकीतला. मेसेज बघितलेला न्हवता.

"ताई, मावशीनं सांगितलं ते चुकीचं हाय. म्हणजे मी चुकीचं सांगितलं. कोर्टानं त्यांचा अर्ज फेटाळला."

"कुणाचा?"

"त्या संघटनेचा. ज्यांनी परवान्यावर खटला केलता."

"हे कुणाच्या आवाजात बोलतोयस तू?"

"माझ्या."

 मागं कुठलंतरी यंत्र भुणभुणत होतं.

"म्हणजे माझी नोकरी हाय?"

"हाय. काल होती तशीच हाय."

 मावशीनं माझं मनगट धरलेलं, घट्ट.

"आरं खुळ्या भोपळ्या," ताई म्हणाली, आणि मावशीच्या घरातली भांडी म्हणजे खरंच वाजली. "दोन तास. दोन तास मी माझ्या बाटल्यांवर माझ्या शेजारच्या टेबलावरच्या बाईच्या नावाची लेबलं चिकटवत बसलोय. म्हटलं आपण जाणार तर तिला सोपं जावं. चाळीस बाटल्या. एक एक लेबल सरळ लावलो मी. आता ती काढायला तुझा काका येणार हाय व्हय रं? आणि तुझं ते जज्जाचं तोंड मला एकदा दाव, खकाऱ्यासकट गिळायला लावतो. हसतंय कोण तिथं? आई हसतीस? तू हसू नको, तूच फोन केलीस."

"जेवलीस काय?" मावशीनं विचारलं.

"जेवतो आता. भूकच मेलती." मग जरा खाली येऊन, "तुम्ही?"

"आमच्यात अकरा डबे हायत."

"कशाचे?"

"तुझ्या नोकरीचे," मागनं कुणीतरी बोललं, आणि मग जो हशा झाला त्यात फोन कधी बंद झाला कळलं न्हाय.

डब्यांचा प्रश्न आला. दुःखाच्या घरात नेलेली भाकरी परत घरला न्यायची नसते. आणि दुःख तर न्हाय. बायकांनी दोन मिनिटं विचार केला आणि पंगत मांडली. अकरा घरचं मी त्या दिवशी खाल्लं. प्रत्येकीला वाटत होतं तिच्यातलंच चांगलं, आणि मी प्रत्येकीला तिच्याच आवाजात तसं सांगायला निघालो होतो, पण मावशीनं बघितलं, मग गप्प खाल्लं.

भाडेकरूनं हात धुतले आणि विचारलं, "अक्का, मग गादी वर न्यू का?"

मावशीनं माडीकडं बघितलं. "ने," म्हणाली. "आणि खिडकी उघडी ठेवलीया मी, लावून घे."

बायका गेल्यावर मी भांडी आत ठेवायला गेलो. आतल्या खोलीत मावशी ताईची पांघरायची वाकळ घडी घालत होती. माळ्यावरनं काढून झटकून ठेवलेली, संध्याकाळीच. मी दुसरं टोक धरलं. घडी घालता घालता ती म्हणाली, "दीड तास ती येणार हुती." एवढंच. मग वाकळ परत माळ्यावर ठेवायला मला स्टुलावर चढवलं. मला जी चूक वाटत होती त्यात तिचा असाबी एक दीड तास होता, हे माझ्या डोक्यात आलंच न्हवतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डेअरीत माझी शिक्षा. रांगेपुढं उभं ऱ्हाऊन खरं काय ते सांगायचं, साध्या आवाजात. मी सांगितलं. अर्ज संघटनेचा, फेटाळला कोर्टानं, ताईची नोकरी चालू. एक म्हातारा कॅन खाली ठेवून म्हणाला, "ह्यो आवाज कुणाचा रं? वळखंना."

"त्याचा सवताचा हाय," मावशी म्हणाली. "वापरात नसतोय."

हे एवढ्यावर थांबलं न्हाय. दिवाळी झाली आणि तिकडच्या सरकारनं नवीन काढलं. आधी परवान्याची मुदत संपायच्या आत नवा अर्ज केला की जुना परवाना आपोआप लांबायचा. ती सवलत बंद केली. आता नवा हातात येईपर्यंत जुना संपला तर घरी बसा. ह्या वेळी मी रेकॉर्ड पाठवलं न्हाय. चालत मावशीच्या घरी गेलो. ती शेण काढत होती. आधी मी अर्ज कुणाचा ते सांगितलं, मग बाकीचं.

"ह्या वेळी कोर्ट न्हाय, मावशी. सरकारचा नियम. आणि अर्ज ताईचा. खरंच ताईचा."

"करायचं काय?"

"लवकर भरायचा. सहा महिने आधी भरता येतो."

रविवारी ताईनं व्हिडिओ कॉल लावला. ती एमएस्सी झालेली, तिला फॉर्म भरायला माझी गरज न्हाय. पण म्हणाली, "तू दिवसभर हेच करतोस, बस समोर." तिनं एक एक रकाना मोठ्यानं वाचला, मी कागदाशी ताडून बघितला. कोर्टमामा खुर्ची घेऊन आलते. त्यांनी एकच विचारलं, "वर नाव कुणाचं?"

"माझं," ताई तिकडनं म्हणाली, आणि म्हशीनं मान वर केली.

मामांनी घसा साफ केला. मला वाटलं पुकारा देतात. त्यांनी दिला न्हाय. मावशी गोठ्यातनं हात पुसत आली, फोनपुढं वाकली आणि म्हणाली, "सावकाश भर. खाडाखोड करू नको. सही नीट कर."

"व्हय आई."

"पाठीवलीस?"

"पाठीवलो."

अजून उत्तर आलेलं न्हाय. मी रोज दुकान उघडलं की आधी ताईचा नंबर टाकून बघतो, मग पोरांचे फॉर्म. स्क्रीनवर अर्ज मिळाला एवढंच येतं. संध्याकाळी डेअरीत कुणी ना कुणी विचारतंच, आणि मी तेवढंच सांगतो.